पाचवी सीडी

“थांब. आधी हळदकुंकू लावू दे,” आई म्हणाली.

मी सीडी प्लेअरमध्ये घालणार तेवढ्यात तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली. चमकती बाजू वर करून मांडीवर ठेवली, करंड्यातली हळद बोटानं टेकवली, कुंकू टेकवलं, हात जोडले आणि मग पदरानं खसाखसा पुसून माझ्याकडं दिली. आता लाव, म्हणाली.

दर वेळी हेच. मी तिला सांगून सांगून थकले होते की बाई गं, लावायचंच असेल तर कागद चिकटवलेल्या बाजूला लाव, या बाजूला ओरखडे पडतात. तर म्हणायची, त्या बाजूला नुसती नावं हायत, उजी या बाजूला हाय. दसऱ्याला अण्णा विहिरीवरच्या मोटारीला हळदकुंकू लावायचे, मी माझ्या शिलाई मशीनला लावायची, ते चालतं आणि हे चालत नाही असं कुठल्या तोंडानं म्हणू? मी गप्प बसायची. खरं तर मला गप्प बसता येत नाही, माझं तोंड फटकळ आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे, पण या एका बाबतीत मी आईपुढं हात टेकले होते.

उजी म्हणजे उज्ज्वला, माझी थोरली बहीण. मी तिला अक्का म्हणायची. या सीड्या तिच्या लग्नाच्या. एकूण पाच होत्या. पहिलीत हळद, दुसरीत देवक आणि मानपान, तिसरीत अक्षता, चौथीत जेवणाची पंगत आणि पाचवीत पाठवणी. अक्का लग्न होऊन संपतरावांबरोबर तामिळनाडूत सेलमला गेली. आमच्या विट्याकडची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळून शुद्ध करायची आणि त्यासाठी कुठल्या कुठल्या मुलखात जाऊन राहायचं. संपतरावांचं दुकान सेलमला. दोन वर्षांनी अक्काला तिकडंच कावीळ झाली. कळलं तेव्हा आई-अण्णा निघाले, पण पोचायच्या आत सगळं उरकलेलं होतं. आईला तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

तेव्हापासून या सीड्या. रोज दुपारी, लोडशेडिंग संपून लाईट आली की आई हातातलं काम टाकून टीव्हीपुढं बसायची. अण्णा तेवढ्यात पायात चपला घालून बाहेर पडायचे. मी मशीनवर ब्लाऊज शिवत शिवत बघायची. पहिली सीडी संपली की आई पाणी प्यायची, दुसरी संपली की चहा टाकायची. चौथीत अक्का उखाणा घेऊन संपतरावांना जिलेबीचा घास भरवायची, मग स्वतः जेवायची आणि सीडी संपायची. पडदा निळा व्हायचा. आई म्हणायची, “झालं. जेवली पोर,” आणि उठून टीव्ही बंद करायची.

पाचवी सीडी तिनं कधीच लावली नाही. मलाही लावू दिली नाही. एकदा मी सहज प्लेअरजवळ नेली तर तिनं अशी काही नजर टाकली की मी ती निमूट डब्यात ठेवली. मला वाटायचं, पाठवणीत रडारड असते, कशाला पुन्हा बघायची, एवढंच असेल.

तर त्या दिवशी आम्ही चौथी लावली. पंगत सुरू झाली, घास आला, अक्कानं जिलेबी उचलली आणि चित्र थांबलं. अक्काच्या तोंडाचे चौकोन चौकोन झाले. मग फुल्या फुल्या, मग काहीच नाही. आईनं टीव्हीला थापट्या मारल्या, प्लेअरला मारल्या. मी सीडी काढून पुसली, परत लावली. पुन्हा जिलेबीपाशी तेच. कुणीतरी सांगितलं होतं म्हणून टूथपेस्ट चोळून बघितली, शेजारच्या वहिनी म्हणाल्या म्हणून खोबरेल तेल लावलं. त्यानंतर तर प्लेअर ती सीडी घेईचना.

त्या सीड्यांमध्ये अक्काचा आवाज एकाच ठिकाणी होता. शूटिंगवाल्यानं सगळीकडं सिनेमाची गाणी घातली होती. हळदीला गाणं, अक्षतांना गाणं, अण्णा पाव्हण्यांना टोपी घालतात त्यालाही गाणं. नुसत्या उखाण्याला तेवढा खरा आवाज ठेवला होता. आटपाडीच्या डाळिंबाला माणकाचे दाणे, संपतरावांच्या जोडीनं सेलमला जाणे. एवढीच अक्का आमच्याकडं बोलती उरली होती. बाकी सगळी मुकी.

आई त्या दिवशी जेवली नाही. मी ताट वाढलं तर म्हणाली, “वने, तिचा आवाज गेला तर मी काय करू गं? मला आत्ताच नीट आठवत न्हाई. सीडी लागली की आठवतो, बंद केली की जातो.”

मला रडू आलं, आणि मला रडू आलं की राग येतो. मी म्हणाले, “हळदकुंकू लाव अजून.” आईनं ताट बाजूला सारलं. मग मलाच कसंतरी झालं आणि मी सांगून टाकलं की उद्या विट्याला जाते आणि करून आणते काय करायचं ते.

ज्या शूटिंगवाल्यानं लग्न घेतलं होतं त्याच्याकडं आधी गेले. त्यानं दुकान बंद करून चायनीजचा गाडा टाकला होता. कढई हलवत हलवतच मला म्हणाला, मूळ कॅसेट कुठली आता, तिच्यावर पुढचं लग्न घेतलं, आम्ही सगळे तसंच करायचो. सीडी दिली की आमचं काम संपलं. त्याला चार शब्द ऐकवावेसे वाटले, पण चूक त्याची तरी काय? आमच्या अक्काच्या अंगावर दुसऱ्या कुणाचं तरी लग्न लागलं होतं. मी तशीच पाय उचलून निघाले.

स्टँडच्या मागं दस्तगीर मुलाणीचं दुकान होतं. मोबाइलचं रिचार्ज, पासपोर्ट फोटो, आणि काचेवर हातानं लिहिलेलं, सीडीची डीव्हीडी करून मिळेल. मी पिशवीतून पाची सीड्या काढून त्याच्यापुढं ठेवल्या आणि काय झालं ते सांगितलं. त्यानं एकेक उजेडाकडं धरून तिरकी करून बघितली. पहिल्या तिन्ही मध्यम होत्या. चौथीकडं बघून तो थांबला.

“ताई, यावर हे पिवळं काय आहे? आणि लाल?”

मी सांगितलं. मला वाटलं हसेल. हसला नाही. म्हणाला, त्यांच्या घरी त्याची आजी रेडिओला ऊद दाखवायची, आजोबांचं भजन लागलं होतं एकदा म्हणून. मग त्यानं पातळ कापड ओलं करून आतून बाहेर, आतून बाहेर असं हलक्या हातानं पुसायला सुरुवात केली. गोल नाही फिरवायचं, म्हणाला, गोल फिरवलं की ओरखडा सीडीच्या रेघेरेघेनं जातो आणि सलग सगळं खातो. आई गोलच पुसायची.

मग त्यानं पाचवी उचलली आणि उजेडात धरली. ती आरशासारखी लख्ख होती. त्याच्या मागच्या ट्यूबलाइटची अख्खी पट्टी तिच्यात दिसत होती.

“ही लावलेलीच नाही कधी?”

“नाही.”

“हीपण घ्यायची का सोबत?”

मला एकदम त्या दिवसाची जीप आठवली.

लग्नात मी करवली होते. हातात कलश घेऊन जीपमध्ये आधीच जाऊन बसले होते, कारण जागा गेली तर मला मागं बसावं लागलं असतं. दारात बँड वाजत होता. सगळ्या बायका रडत होत्या, आणि आई नव्हती. आईला अक्काला एवढ्या लांब द्यायचंच नव्हतं. हाकेच्या अंतरावर द्या म्हणत होती. पण अण्णांनी संपतरावांच्या चुलत्याला शब्द दिला होता आणि मग आईला कुणी विचारलं नाही. आई भांडली नाही. लग्नात राबली, हसली, पाव्हण्यांचं सगळं केलं. पाठवणीची वेळ झाली तशी परसदारी जाऊन बसली आणि तांदूळ निवडायला लागली. जेवणं उरकलेली, चुली विझलेल्या, आणि ही बाई पाटीभर तांदूळ पुढ्यात घेऊन खडे वेचते आहे. बोलवायला गेलं की म्हणायची, एवढे निवडून येते. आलीच नाही. लेकीची ओटी आईनं भरायची असते, तीसुद्धा थोरल्या चुलतीनं भरली.

हे सगळ्यांनी बघितलं होतं आणि सगळे विसरले होते. मीपण विसरले होते. पण अक्का गेल्यावर, दहाव्याचं आटोपून सगळे गेल्यावर, आई चुलीपुढं बसून एकदाच बोलली होती. “मायनं ओटी भरली न्हाई. रित्या पदरानं गेली माझी लेक. मग कशी जगंल?” मी तिच्यावर खेकसले होते की काहीतरी काय बोलतेस, काविळीचा आणि ओटीचा काय संबंध. ती परत कधी तसं बोलली नाही. आणि त्या दुकानात, ती लख्ख सीडी बघताना मला पहिल्यांदा समजलं की आई पाचवीला का हात लावत नाही. तिला रडारडीची भीती नव्हती. त्या सीडीत ती स्वतः नव्हती, याची होती.

“ताई?” दस्तगीर म्हणाला.

“घ्या की,” मी म्हणाले. “अर्धं लग्न कुणी ठेवतं का?”

त्यानं सांगितलं की पाची मिळून एका डीव्हीडीवर आरामात बसतील. फक्त एक, आता मध्ये थांबणार नाही. एक संपली की दुसरी आपोआप सुरू होईल. पाहिजे तर सुरुवातीला यादी करून देतो, हवा तो भाग निवडायचा. मी म्हणाले, आमच्या आईला वाचता येत नाही, यादी कुणाला दाखवायची? सलग राहू द्या. चौथी संपली की मी रिमोटनं बंद करीन. मी घरातच तर असते.

दोन दिवसांनी आणायला गेले तर त्यानं आधी खुर्ची दिली. खुर्ची दिली म्हणजे काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं. चौथी बरीचशी निघाली होती. पंगत आली होती, अक्काचं जेवण आलं होतं. उखाण्याचं पहिलं वाक्य आलं होतं. दुसरं नाही.

“तीन कॉम्प्युटरवर लावून बघितली,” तो म्हणाला. “तेवढ्या जागेत काही उरलेलंच नाही, ताई. डाळिंबाला माणकाचे दाणे, एवढं येतं आणि चित्र पुढं उडी मारतं. पाचवी मात्र झकास आली आहे.”

मी डीव्हीडी पिशवीत टाकली. एसटीत सगळी वाट मनात एकच, आईला कसं सांगू. सांगू की नको. तिला कळणारच, तिला प्रत्येक श्वास पाठ होता त्या सीडीतला. शेवटी ठरवलं की सांगायचं नाही, लावायची आणि काय होईल ते होईल.

घरी आल्यावर आई दारातच उभी. डबा उघडून बघितला आणि म्हणाली, “पाच नेल्यास आन् एक आणलीस? बाकीचं लगीन कुठं गेलं?”

मी सांगितलं, सगळं यातच आहे. तिला पटेना. उलटसुलट करून बघितली. मग करंडा उचलला तसा मी तिचा हात धरला. म्हणाले, बाई, आता हळदकुंकू लावायचं तर प्लेअरला लाव, हिला नाही. तुला उजी पाहिजे का हळदकुंकू? माझा आवाज जरा वरच लागला असणार. आईनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग प्लेअरच्या कपाळावर, म्हणजे आकडे येतात त्या काचेच्या वर, हळद टेकवली, कुंकू टेकवलं आणि भुईवर जाऊन बसली.

आमचं घर लांबट आहे. पुढं सोपा, मग माजघर, मग चूल आणि मग मागचं दार, सगळं एका रेषेत. टीव्ही सोप्यात. टीव्हीकडं तोंड करून बसलं की मागच्या दाराकडं पाठ होते. दुपारची वेळ, मागचं दार उघडं, परसातल्या कोंबड्यांचा आवाज येत होता. अण्णा लाईट आलेली बघून केव्हाच शेताकडं गेले होते. मी मशीनवर बसले आणि रिमोट मांडीवर ठेवला.

हळद आली. आई जरा सैलावली. हळद संपून पाणी प्यायला उठायला लागली तर देवक सुरू. ती परत बसली. चहाच्या वेळेला मी विचारलं, थांबवू का, तर हातानंच नको म्हणाली. अक्षता पडल्या. आईनं नेहमीसारखे हातात नसलेले तांदूळ पडद्याकडं टाकले. मग पंगत आली आणि मी मशीन चालवायचं सोडून दिलं.

अक्कानं जिलेबी उचलली. बायका म्हणाल्या नाव घे, नाव घे. अक्कानं मान खाली घातली, हसली, आणि तिचा आवाज आला. थोडा नाकातला, गावातल्या सगळ्या मुली चिडवायच्या तो.

“आटपाडीच्या डाळिंबाला माणकाचे दाणे...”

आणि चित्रानं उडी मारली. जिलेबी संपतरावांच्या तोंडात होती, सगळ्या टाळ्या वाजवत होत्या आणि वर गाणं सुरू झालं होतं.

मी आईकडं बघायला घाबरत होते. आई हलली नाही. तिचे ओठ हलले. अगदी हळू, अक्कासारखंच नाकातून, तिनं पुढचं वाक्य म्हटलं, “संपतरावांच्या जोडीनं सेलमला जाणे.”

ओरडली नाही, मला काही विचारलं नाही. नुसती बघत राहिली. पडद्यावर अक्का जेवत होती आणि आई तिला जेवताना बघत होती, आणि माझं सगळं लक्ष आईकडं. मला तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि आमच्यात तशी पद्धत नव्हती. झालं, जेवली पोर, असं ती या वेळी म्हणालीच नाही. ते म्हणाली असती तर मला रिमोटची आठवण झाली असती.

निळा पडदा आला नाही. एकदम आमच्या घराचं पुढचं दार आलं. जीप. फुलं लावलेली. बँडवाले. बायकांची गर्दी, आणि मधे अक्का, हिरवा चुडा, डोळे सुजलेले. मी रिमोट उचलला आणि बटण दाबलं, पण नजर आईकडं, कुठलं दाबलं देव जाणे. आवाज तेवढा गेला. गाणं बंद झालं आणि चित्र तसंच चालू राहिलं.

“ऱ्हाऊ दे,” आई म्हणाली.

थोरली चुलती ताट घेऊन पुढं आली. ताटात खण, नारळ, तांदूळ. तिनं अक्काला पदर पसरायची खूण केली. अक्कानं पदर पसरला नाही. तिनं इकडं तिकडं बघितलं, प्रत्येक बाईच्या तोंडाकडं बघितलं. कुणाला शोधते ते आंधळ्यालाही कळलं असतं. आईनं तोंडावर पदर धरला.

मग अक्कानं चुलतीला हातानं थांब म्हटलं आणि ती वळून घरात गेली. हे मला आठवत होतं. आम्ही जीपमध्ये बसून म्हटलं होतं, देवाच्या पाया पडायला गेली असेल. शूटिंगवाल्यालाही तसंच वाटलं असणार, देवघरातलं चित्र मिळेल म्हणून तो तिच्यामागं गेला. सोपा आला, हाच, ज्यात आम्ही बसलो होतो. माजघर आलं. देवघर आलं, आणि अक्का देवघरापाशी थांबली नाही. चूल ओलांडून ती मागच्या दारात गेली.

परसात खरकट्या पातेल्यांच्या ढिगाजवळ एक बाई पाठमोरी बसली होती. नवं लुगडं, केसात गजरा, पुढ्यात पाटी. बोटं तांदळात फिरत होती.

“ही कोण?” आई म्हणाली.

“तूच की गं, आई.”

अक्का त्या बाईच्या मागं येऊन उभी राहिली. हात लांब केला असता तर खांद्याला लागला असता. तिनं हाक मारली की नाही ते कळायला मार्ग नव्हता, त्या जागेवर शूटिंगवाल्यानं गाणं घातलेलं आणि तेही मी बंद केलेलं. मारली असती तरी पुढच्या दारच्या बँडपुढं ऐकू गेली नसती. ती नुसती उभी होती. पाठीकडं बघत. मग वाकली, बाजूच्या सुपात निवडून ठेवलेले तांदूळ होते, त्यातले ओंजळभर उचलले आणि पदरात घेतले. पदराला गाठ मारली. ती गाठ दोन्ही हातांनी कपाळाला लावली. आणि आली तशी, पाय न वाजवता, निघून गेली. पाठमोरी बाई खडे वेचत होती.

ती गाठ मला माहीत होती. जीपमध्ये अक्का सगळी वाट तो पदर मुठीत धरून बसली होती. मी तिला चिडवलं होतं, आहेर लपवतेस व्हय गं? ती म्हणाली होती, व्हय, माझा एकटीचा हाय. दुसऱ्या दिवशी सासरी तिनं त्या तांदळाची मूठभर खीर केली आणि मला चमचाभरसुद्धा दिली नाही. एरवी पेरूची फोडसुद्धा मला दिल्याशिवाय न खाणारी अक्का. मी रुसून बसले होते. ओटीचे तांदूळ आपणच खायचे असतात, कुणाला द्यायचे नसतात, हे तेव्हा मला कुठं कळत होतं? आणि ते कुणाच्या हातचे, हे तर तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

पडद्यावर अक्का पुढच्या दारात आली. चुलतीनं तिच्या ओटीत नारळ घातला, खण घातला. तांदूळ घालायला गेली तर अक्कानं मानेनं नको म्हटलं. मग ती जीपमध्ये माझ्याशेजारी येऊन बसली आणि जीप हलली.

मी मशीनवरून उठले. वाटलं, आता ही कोसळणार, हिला धरायला पाहिजे. पण आई कोसळली नाही. ती पडद्याकडं बघत नव्हतीच. तिनं एक हात भुईला टेकला आणि बसल्या जागेवरून, हळूहळू, सबंध वळून मागं बघितलं. माजघरातून, चुलीवरून, थेट मागच्या दारापर्यंत. दारात ऊन होतं. एक कोंबडी उंबऱ्यावर चढू की नको करत उभी होती.

“आली हुती की गं,” आई म्हणाली.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हणाले, “व्हय, आई. आली हुती.”

“निवडल्यालं हुतं ते. खडा न्हाई लागला तिला.”

“न्हाई लागला.”

त्यानंतर आई बारा वर्षं होती. डीव्हीडी रोज लागायची, पाचव्या सीडीपर्यंत सलग. उखाण्याचं दुसरं वाक्य आई म्हणायची. आणि अक्का मागच्या दारात आली की आई पडद्याकडं बघायची सोडून मागं वळायची. दर वेळी. मला सांगायचं होतं की अगं, तिकडं कोण नाही, ती इकडं टीव्हीत आहे. पण मी नाही सांगितलं. मी उठून मागचं दार तेवढं उघडून ठेवायची.